नाक तेवढे तिचे

मी एक जुने टपाल तिकीट आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगायला बसणाऱ्याला निदान आपण कोण एवढे तरी ठाऊक असावे. माझी नेमकी तिथेच पंचाईत आहे.

एका मोठ्या कागदावर भावंडांसोबत मी छापले गेले. पाठीला डिंक लागला, कडांना बारीक भोके पडली. माझ्यावर एका बाईचा चेहरा होता आणि खाली एका डॉक्टरीणबाईंचे नाव. रोगाच्या साथीत लोकांची सेवा करता करता त्या गेल्या, म्हणून देशाने त्यांचे तिकीट काढले. त्यांचा फोटो जुन्या दवाखान्याच्या कपाटात सापडला, असे छापखान्यात बोलत. प्रकाशनाला आलेले पाहुणे म्हणाले, "काय तेज आहे चेहऱ्यावर! बघताक्षणी कळतं, डॉक्टर आहेत." मी तर फुगूनच गेले.

दुसऱ्या दिवशी पोस्टाची खिडकी उघडायच्या आधीच एक बाई येऊन उभी होती. शिवणकाम करणारी, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. ती डॉक्टरीणबाईंची लेक. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. मावशीने तिला वाढवले. घरात आईचा एकही फोटो नव्हता, त्यामुळे आईचा चेहरा ती आज पहिल्यांदा बघणार होती. तिने मला तळहातावर घेतले आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"ओळखीची वाटतेस गं," ती मला म्हणाली.

वाटणारच, असे मला वाटले. आई आहे!

घरी मावशी खुर्चीत बसल्या होत्या. शरीर थकलेले, जीभ मात्र शाबूत. त्यांनी भिंग लावून मला बघितले.

"अगं बाई! ही तर मी!"

"मावशी, काहीतरीच काय!"

"काहीतरीच कसं? दवाखान्याने धाडलेला फोटोवाला दारात आला आणि तुझी आई पळाली कुणाच्या तरी बाळंतपणाला. तिला बसायला फुरसत होती कधी? मग मीच तिचा कोट चढवला. म्हटलं, आलेल्या माणसाला परत कशाला पाठवायचं? नाक तर दोघींचं एकच!"

मी चक्रावले. मग ते तेज कुणाचे होते?

लेक चपला शोधू लागली. म्हणाली, "पोस्टाला कळवायला हवं."

"कळव की. सगळी तिकिटं माघारी घेतील. चेहरा गेलाच आहे, आता नावही घालव."

 लेकीने मला खिडकीपाशी उजेडात धरून विचारले, "बरं, नाक तिचं. डोळे?"

"बारीक होते. हसली की मिटायचे."

"हनुवटी?"

"जरा पुढे. हट्टी होती ना!"

"आणि कपाळ?"

मावशींनी माझ्याकडे बघितले, छताकडे बघितले, परत माझ्याकडे बघितले. "कपाळ... थांब हं. असंच होतं की काय? या मेल्या तिकिटानं घोळ केला बघ. आता डोळे मिटले तरी मीच दिसते."

त्यांनी भिंग बाजूला ठेवले. माझ्यामुळे एका म्हातारीच्या मनातली बहीण पुसली जात होती, आणि मला काहीच करता येत नव्हते. लेकीने बोटांनी माझे कपाळ झाकले, डोळे झाकले, हनुवटी झाकली आणि उरलेल्या नाकाकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

आता मी तिच्या शिलाई मशीनच्या वर, भिंतीवर काचेत असते. "ही कोण?" असे कुणी विचारले, तर ती कधी "आई" म्हणते, कधी "मावशी". दोन्ही वेळा ती खरेच बोलते, असे मला वाटते. पण मग मी कोण? मला अजून उलगडलेले नाही.

मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात जी सगळ्यांचे फोटो काढते आणि स्वतः एकाही फोटोत नसते, तिला आज हाताला धरून कॅमेऱ्यासमोर बसवा. ती म्हणेल, "थांब रे, हातातलं काम होऊ दे." ऐकू नका तिचे.