अर्धा इंच हरवलेला टेप

मित्रांनो, मी एक जुना कापडी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असतो, तसाच. पण माझं आयुष्य सदरा-पायजम्यांवर गेलं नाही, ते गेलं माणसांच्या तळहातांवर. सांगण्यासारखं त्यात फारसं काही नसेल. पण माझ्या हातून एकदा एक चूक झाली, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी आलो तेव्हा पिवळाधमक होतो. दोन्ही टोकांना पितळी टोप्या होत्या आणि अंगावर साठ इंचांचे काळे आकडे. माझे मालक हातमोजे शिवत. सगळा रस्ता त्यांना मोजेवाले काका म्हणे. दुकान म्हणजे एकच खोली, एक लांब टेबल, खिडकीशी शिलाई मशीन आणि भिंतीवर कातड्याचे गुंडाळे. गिऱ्हाईक आलं की काका पहिल्यांदा विचारत, "काम कुठल्या हातानं करता?" मग त्याच हाताची सैल मूठ वळायला सांगत आणि बोटांच्या पेरांखाली, अंगठा सोडून, मला पंज्याभोवती फिरवत. नंतर मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंत मला सरळ धरत. एवढी दोन मापं त्यांना पुरत. हात थंड आहे की गरम, घट्टे कुठे आहेत, कुठलं बोट मोडून वाकडं बसलंय, हे त्यांना त्या मिनिटभरात कळे, आणि मलाही.

मोजे तयार झाले की आमच्याकडे एक रिवाज होता. काका टेबलावर एक टाचणी टाकत आणि म्हणत, "मोजे घालून ही उचला." उचलता आली तरच मोजे गिऱ्हाइकाचे. नाही आली तर पुन्हा उसवायचे.

एकदा काकांनी घाईत खण लोटला आणि माझं टोक त्यात अडकलं. त्यांनी ओढलं, तशी पितळी टोपी अर्ध्या इंचासकट तुटून खणातच राहिली. काका हसून म्हणाले, "पडला दुधाचा दात." मला वाटलं, आता केराच्या टोपलीत रवानगी. पण त्यांनी मला टाकलं नाही. ते मला एकच्या रेघेवर धरू लागले आणि आलेल्या आकड्यातून मनातल्या मनात एक वजा करू लागले. त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली. पहिले दोन-तीन आकडे त्यांच्या अंगठ्यानं पार पुसून गेले, पण माप कधी चुकलं नाही. मला वाटे, आपल्यात काही कमी आहे हे कुणाला कळतसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्व झाला होता.

काकांची सून दोन वर्षांत कातडं कापायला आणि शिवायला शिकली. तिची टीप काकांपेक्षा सरळ येई, असं काकाच शेजाऱ्यांना सांगत. माप मात्र त्यांनी कुणाला घेऊ दिलं नाही. ते आकडा सांगत आणि ती लिहून घेई.

मग काकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आली. डॉक्टरांनी आठवडाभर खाली वाकायचं नाही असं बजावलं. काका आतल्या खोलीत आरामखुर्चीत बसून राहिले, आणि नेमक्या त्याच सोमवारी काचकाम करणाऱ्या ताई आल्या.

त्या काचेच्या कारखान्यात होत्या. कापणीच्या टेबलावर पोचायला त्यांना अकरा वर्षं लागली होती, आणि त्या टेबलावर त्या एकट्याच बाई. कारखान्यातले मोजे एकाच मापाचे, मोठ्या पुरुषी पंज्याचे. उघड्या हातानं काच धरायची नाही असा नियम. त्या ढगळ मोज्यांमधून महिन्याभरात दोन काचा निसटल्या होत्या. मुकादमानं सांगून ठेवलं होतं, तिसरी फुटली तर टेबलावरून उठायचं आणि आवारातला चुरा झाडायला जायचं. गुरुवारपासून मोठ्या काचांचं काम सुरू व्हायचं होतं.

"ढगळ मोजा म्हणजे दुसऱ्याचा हात घालून काम करायचं हो," ताई म्हणाल्या आणि त्यांनी डावा हात पुढे केला. त्या डावखुऱ्या होत्या.

सुनेनं मला उचललं. मुठीभोवती फिरवलं, ते माझ्या तुटक्या टोकापासून. आकडा आला सात. ताईंचा पंजा होता साडेसहाचा. लांबीलाही तेच झालं. तिनं पुन्हा एकदा मोजलं, पुन्हा सातच आले. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण टेपाला कुठलं तोंड? मी तिच्या बोटांमध्ये मुकाट पडून राहिलो.

मोजे बुधवारी झाले. ताईंना सुट्टी मिळेना, म्हणून त्यांची शेजारीण येऊन ते घेऊन गेली. टाचणीचा रिवाज तेवढा राहून गेला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ताई धापा टाकत दुकानात आल्या. त्यांनी मोजे टेबलावर ठेवले. बोटांच्या टोकांशी पोकळी राहिली होती. सकाळी एक काच निसटली होती, ती त्यांनी मांडीवर झेलली. मुकादमाची पाठ होती म्हणून निभावलं. तीन वाजता मोठ्या काचा टेबलावर येणार होत्या.

सुनेचा चेहरा उतरला. "मी दोनदा मोजलं होतं," ती म्हणाली.

"मोजलं असशील गं. पण हात माझा आहे तेवढाच आहे ना?"

बोलणं ऐकून काका भिंत धरत बाहेर आले. त्यांनी मला मागून घेतलं आणि माझ्या टोकापर्यंत बोट नेलं. तिथल्या दशा हाताला लागताच ते थांबले.

"सूनबाई, याला कुठून धरलंस?"

"टोकापासून. दुसरं कुठून धरणार, बाबा?"

काका स्टुलावर बसले. मग ते ताईंकडे वळले. "चूक हिची नाही, माझी आहे. याचा अर्धा इंच कधीच गेलाय. मी एकपासून धरतो आणि एक वजा करतो. रोजचीच गोष्ट, ती सांगायची असते हे मला सुचलंच नाही."

रागावायला कुणालाच वेळ नव्हता. काका म्हणाले, "डावा आधी." सुनेनं कडेची शिवण उसवली. काकांनी ताईंचा हात आपल्या हातात घेऊन कुठे किती दाबायचं ते बोटांनी चाचपून सांगितलं आणि तिनं तिथे खडूच्या खुणा केल्या. मशीन सुरू झालं. बोटांची टोकं काकांनी स्वतः सुईनं आवळली. पट्टीखालच्या डोळ्यानं नाही आणि उघड्या डोळ्यानंही फारसं नाही, नुसत्या सवयीनं. ताई दारात उभ्या राहून रस्त्यापलीकडच्या घड्याळाकडे बघत होत्या.

उजवा मोजा होईपर्यंत पावणेतीन वाजले. ताई मोजे चढवून निघाल्याच होत्या, तेवढ्यात सुनेनं टेबलावर टाचणी टाकली. "ताई, एवढी उचला. तशा जाऊ नका."

ताईंनी डावा हात पुढे केला आणि पहिल्या खेपेलाच टाचणी चिमटीत आली. त्यांनी ती सुनेच्या तळहातावर ठेवली आणि पळत सुटल्या.

त्या गेल्यावर सुनेनं कात्री उचलली. मी म्हटलं, संपलं आपलं. पण तिनं तांबडा दोरा कापला आणि एकच्या रेघेवर चार घट्ट टाके घातले. मग मला काकांच्या हातात दिलं. काकांनी टाके चाचपले आणि म्हणाले, "चौदा वर्षं हे मला का सुचलं नाही?"

"तुम्हाला गरज नव्हती, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई आल्या. हसत होत्या. काचेचा तुकडासुद्धा पडला नव्हता. त्यांच्यामागे कारखान्यातल्या आणखी दोघी बाया होत्या. सुनेनं विचारलं, "काम कुठल्या हातानं करता?" आणि मला तांबड्या दोऱ्यावर धरलं.

मित्रांनो, आता मी फार विटलो आहे. पण तुमच्याही घरात एखादं कुलूप असेल, जे जरा उचलून धरल्याशिवाय उघडत नाही. एखादं घड्याळ असेल, जे पाच मिनिटं मागे पडतं. त्याला टाकू नका. फक्त त्याची खोड पुढच्या माणसाला आठवणीनं सांगून ठेवा. आम्हाला ती स्वतः सांगता येत नाही.