कण्हणारं लाकूड

खाण बंद झाली आणि निम्मं गाव इटलीला पळालं. उरलो आम्ही म्हातारे, आणि हाडं फोडणारी थंडी. सरपणासाठी माझ्या नवऱ्यानं, इलारीनं, आमच्या घराखालून गेलेल्या खाणीच्या बोगद्यातले लाकडी टेकूच काढून आणायला सुरुवात केली.

"अक्कल गहाण टाकलीस का?" मी ओरडले.

"खाणच मेली, सावेता. मढ्याला कुबड्या कशाला?"

याच लाकडांच्या भरवशावर त्यानं उभं आयुष्य खाली काढलं होतं. लोखंडी टेकू मुकाट्यानं मोडतो, लाकूड आधी कण्हतं, म्हणायचा. ते कण्हलं की सगळे खाणकरी पळत सुटायचे.

फेब्रुवारीत स्वयंपाकघराचं दार लागेनासं झालं. मग एका सकाळी भिंतीला तडा गेला, जमिनीपासून थेट छतापर्यंत. इलारी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं जमिनीला कान लावला, खाणीत लावायचा तसाच.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"मग बरंच आहे की!"

त्यानं मान वर केली. चेहरा पांढराफटक. चुलीत शेवटचा टेकू तडतडत होता.

"कोट घाल, सावेता," तो म्हणाला. "कण्हायला खाली लाकूड उरलंय कुठं?"