मावशीचं नाक

भंगार प्लास्टिकच्या त्या शेडमध्ये मावशीच्या नाकाला मोठा मान होता. लायटरने तुकड्याची कड पेटवायची, फुंकर मारायची आणि धूर हुंगायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर तुकडा भट्टीच्या पोत्यात. केस जळल्यासारखा आला तर नायलॉन, तो वेगळा. आणि नाकाला चटका बसला की पीव्हीसी, तो थेट बाहेर. असा मूठभर माल जरी भट्टीत गेला तरी आम्लाचा धूर सुटतो आणि सगळ्यांचे डोळे जळतात. वीस वर्षांत मावशी चुकली नव्हती. "मावशी असताना यंत्र कशाला आणू?" असं मालक म्हणायचा. फुकटच्या कौतुकात त्याचा हात कोणी धरला नसता.

ते नाक चार महिन्यांपूर्वीच कामातून गेलं होतं. पण सांगणार कुणाला? नाक गेलं म्हणजे काम गेलं, आणि या वयात दुसरं देणार कोण? पीव्हीसीची ज्योत कडेला जराशी हिरवी दिसते, त्यावर ती कशीबशी वेळ मारून नेत होती. आज मात्र पत्रा उडालेल्या जागेतून ऊन नेमकं तिच्या हातावर पडलं होतं. अशा उन्हात हिरवं काय नि पिवळं काय!

दुपारी भट्टीतून धूर सुटला. माणसं खोकत बाहेर पळाली. भट्टीवर मावशीची लेकच कामाला होती. ती भट्टी बंद करून सगळ्यांच्या शेवटी आली, डोळे लालभडक.

मावशीने लेकीला शेडच्या मागे नेलं.

"माझ्यामुळे झालं गं. माझं नाक गेलंय, चार महिने झाले."

"माहितीये," लेक भिंतीला टेकत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? रोज जेवणाच्या सुट्टीत तुझी पोती मी परत तपासते. एकेक तुकडा पेटवून, हुंगून. आजही तपासली होती."

आजही तपासली होती, तरी तो माल आत गेला होता.

मावशीने खाली पडलेला नायलॉनच्या दोरीचा तुकडा उचलला. "डोळे मीट," ती म्हणाली. लेकीने कंटाळून मिटले. पलीकडे तुकडे करायचं यंत्र घरघरत होतं. मावशीने दोरी पेटवली, फुंकली आणि धूर लेकीच्या नाकाशी धरला.

"सांग, कशाचा वास?"

"अगं, आधी पेटव तरी," लेक म्हणाली.