पुढचा पाइप

मागच्या सीटखालची रबरी चटई तिने दोन बोटांच्या चिमटीत धरून बाहेर ओढली आणि मान वळवून घेतली. नातीची उलटी कडांशी वाळली होती आणि मधे अजून चिकट होती. बादलीभर पाणी एकदम ओतलं, ब्रशने खसाखसा घासलं, तरी रबराच्या खाचांतून काहीतरी आंबूस वर येतच राहिलं. ब्रश बादलीत टाकून ती उभी राहिली.

जीपचं इंजिन चालू होतं. नवरा जीपखाली उताणा पडला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय आणि ग्रीसने बरबटलेली पँट. ही पँट तो आठवडाभर अंगावरून उतरवत नव्हता. पूर्वी घामाचा डाग पडला तर दुपारीच शर्ट बदलणारा हा माणूस.

"अगं, बोळा दाब."

तिने ओल्या चिंधीचा बोळा धुराच्या नळीच्या तोंडाशी धरला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. ही त्यांची जुनी रीत. मागून तोंड बंद केलं की धूर आत कोंडतो आणि जिथे भोक असेल तिथून बाहेर पडतो. मग नवरा खाली पडल्या पडल्या एकेक सांधा हुंगत पुढे सरकायचा.

"पुढे काही नाही," खालून आवाज आला. "मागचा सायलेन्सरचा डबाच तेवढा गंजलाय. वास नाही म्हणजे गळती नाही."

बोळा टाकून ती हात धुवायला निघाली. ड्रायव्हरच्या दारापाशी तिला उग्र, डोळ्यांत चुरचुरणारा धूर लागला. तिने तसं सांगितलं.

तो हसला. "तुला कशाचा वास येत नाही ते सांग. धुतलेल्या पेल्याचीसुद्धा शिसारी येते तुला."

त्याच्या नाकापुढे तिचं नाक कधी चाललंच नव्हतं. उभा जन्म त्याने दुधाच्या डेअरीत काढला होता. कॅन आला की झाकण उचलायचं, एकदाच वाकायचं, आणि म्हणायचं, घ्या, नाहीतर परत न्या. तो वाकला की दूधवाले श्वास रोखून उभे राहत. तपासणीचं यंत्र आलं तेव्हाही आधी त्याचं नाक आणि मग यंत्र, असंच चालायचं. डेअरीत त्याला 'नाक' म्हणूनच ओळखत. आज नाक रजेवर आहे का, असं लोक विचारत. घरातही तोच कायदा होता. दूध, उरलेलं जेवण, बंद पेटीतून काढलेलं पांघरूण, सगळं आधी त्याच्या नाकाखालून जायचं आणि त्या निकालावर अपील नसायचं. नव्या नवरीला या गोष्टीचं हसू आलं होतं. पुढे तिला त्यातच सुरक्षित वाटू लागलं.

ही जीपही डेअरीचीच. चारी चाकांना जोर असलेली ही गाडी डोंगरातल्या वाड्यांवरून कॅन आणायची. डेअरीने मोडीत काढली तेव्हा त्याने ती घेतली. आता तिला एकच काम उरलं होतं. सुट्टी लागली की तो खाली शहरात जायचा आणि नातीला, चिंगीला, घेऊन चिखलाच्या वाटेने, ओढ्यातून घरी यायचा. त्या वाटेला दुसरी गाडी चढत नव्हती. पोर मागे बसून सारा वेळ बडबडायची, आणि घरी आल्यावर तो दोन दिवस तिच्या गप्पा बायकोला पुन्हा पुन्हा सांगायचा.

पण मागच्या काही खेपांना पोर पांढरीफटक होऊन उतरली, डोकं धरून. काल शहरात परत सोडताना तर ओकली. लेकीने फोनवर आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. म्हणाली, "बाबा, आता पुन्हा असं झालं तर मी तिला पाठवणार नाही." त्याने फोन ठेवला, बाहेर गेला आणि जीपचं स्वच्छ बॉनेट बराच वेळ पुसत राहिला.

सायलेन्सरच्या दुकानात पाय टाकताच तिने रुमाल नाकाशी नेला. जळलेलं लोखंड, काळं ऑइल, कुणीतरी कोपऱ्यात थुंकलेलं. आणि या सगळ्याच्या खाली गोडसर, सडका असा एक दर्प, भिंतीकडच्या मांडणीतून येणारा. मांडणीलगतच्या उलट्या पिंपावर नवरा खुशाल टेकला. दुकानदाराने त्याच्या हातात चहा दिला. तिने चहाला नको म्हटलं. त्या पेल्यावर कुणाच्या तरी बोटांचे काळे ठसे होते.

बाहेर एका पोरगेल्या माणसाची नवी गाडी उभी होती. तिच्या मागे मनगटाएवढी चकचकीत नळी. त्याने पाय दाबला आणि गाडी माजलेल्या वळूसारखी डुरकली. पाठीमागची भिंत काळी झाली. तो खूश होऊन हसला. तिला वाटलं, पूर्वी गाडीला असा आवाज आला तर माणसं लाजायची.

दुकानदाराने तीन डबे पुढे मांडले. पहिला काळ्या रंगाचा, साध्या लोखंडाचा. स्वस्त, पण ओढ्यातून जाणाऱ्या गाडीखाली दोन वर्षं टिकला तर नशीब. दुसरा राखाडी, मंद. त्यावर अॅल्युमिनियमचा लेप होता. तिसरा आरशासारखा.

"काकू, हा स्टेनलेस. गंजाचं नाव नको. तुमच्यासाठी दुसऱ्याच्याच भावात."

तिने केसातला आकडा काढला आणि तिसऱ्या डब्याच्या कडेला ओरखडा ओढला. रुपेरी रंगाची साल वळत वर आली. खाली तांबूस गंज होता. पिठाच्या डब्यात हात घालावा आणि आळी बोटाला लागावी तसं तिला झालं. आकडा परत केसात खोचवेना. तिने तो मोरीत टाकला.

दुकानदाराला त्याचं काहीच नव्हतं. गिऱ्हाईकाला चमक लागते, तो काय करणार, असं म्हणाला. खरं स्टेनलेस हवं तर मागवून देईन, पण ते तुमच्या जीपपेक्षा महाग पडेल. नवरा यावर मोठ्याने हसला. तिला हसू आलं नाही. राखाडी डब्यावर बोट ठेवून तिने विचारलं, हा किती टिकेल. चांगला टिकेल, दुकानदार म्हणाला, आणि या वेळी खरं बोलत असावा. फक्त जोडाच्या जागी लेप जळतो, तिथे उष्णता सोसणारा रंग द्यावा लागतो. तिने तोच घ्यायला सांगितलं.

मग दुकानदार बॅटरी पेटवून जीपखाली वाकला. ड्रायव्हरच्या पायांखालचा सांधा त्याने दाखवला. तिथे काजळी धरली होती.

"काका, पुढचा पाइपपण गेलाय. हा धूर सरळ आत येत असणार."

"ती जुनी काजळी आहे," नवरा म्हणाला. "मी सकाळीच हुंगून बघितलंय."

"हुंगून?" दुकानदार हसत कामगाराकडे बघू लागला.

तिचा पारा चढला. घरात ती नवऱ्याला वाटेल ते बोले, पण परक्याने हसावं हे तिला खपायचं नाही. हे नाक कुणाचं, ते तिने दुकानदाराला ऐकवलं. कॅनचं झाकण उचललं की गाईने आदल्या दिवशी काय खाल्लं ते सांगायचे, म्हणाली. तुमच्या बॅटरीपेक्षा ते नाक बरं. दुकानदाराने खांदे उडवले. फक्त मागचा डबा बसवायचं ठरलं.

डबा बसवायला पट्ट्या हव्या होत्या. त्या काढायला कामगाराने मांडणी पुढे ओढली आणि शिवी देत मागे उडी मारली. मांडणीखाली उंदीर मरून पडला होता. फुगलेला, खालून पाणी सुटलेला. दुकानदार तोंड दाबून रस्त्यावर गेला. तिने दाराची चौकट धरली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या पाण्यातून तिने नवऱ्याकडे बघितलं. पिंपापासून तो उंदीर हातभरावर होता. नवरा चहावर फुंकर घालत होता. राखाडी डब्याची शिवण बोटाने तपासत तो पेल्यातून घोट घेत होता, सावकाश, चवीने.

मग त्याने मान वर केली. सगळे बाहेर, सगळ्यांच्या नाकावर हात. क्षणभर त्याला काही कळेना. त्याने मागे वळून बघितलं, पेला खाली ठेवला आणि आपलाही हात नाकाशी नेला.

"काय घाण वास सुटलाय," तो म्हणाला.

तिने रुमाल हळूच खाली घेतला. गेल्या महिन्यात चुलीवर पातेलं करपून कोळसा झालं होतं आणि तो शेजारीच पेपर वाचत बसला होता. डुलकी लागली, म्हणाला होता. त्याने चांगलं म्हटलेलं दूध चहात फाटलं होतं. ती पँट. आणि सकाळी ड्रायव्हरच्या दारापाशी तिच्या डोळ्यांना चुरचुरलेला धूर.

ती दुकानदाराकडे वळली. "पुढचा पाइपपण बदला. सांध्यासकट."

"अगं, मी सांगितलं ना..."

"सांगितलंत. पण मला त्या गाडीत बसलं की मळमळतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. माझ्यासाठी बदला."

दुकानदार त्याच्याकडे बघत राहिला. नवरा पेल्यातल्या गाळाकडे बघत होता.

"बदला," शेवटी तो म्हणाला. "हिला कशाचीही किळस येते."

घरी परतताना त्याने सबंध वाटभर काच खाली ठेवली. तिनेही आपल्या बाजूची खाली केली.

पुढच्या सुट्टीला जीप ओढा ओलांडून आली तेव्हा ती अंगणात उभी होती. चिंगी उडी मारून उतरली ती बोलतच. गाल लाल, हातात कुठलीशी काटकी. "आजी, भूक लागली. दूध दे."

पातेलं ओट्यावर तयार होतं. चिंगी पेला पुढे धरून थांबली. या घरात आजोबांनी हुंगल्याशिवाय दूध पीत नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. तो आला, हात पुसले, झाकण उचललं आणि पूर्वी कॅनवर वाकायचा तसा डोळे मिटून वाकला.

नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तो तसाच राहिला. मग डोळे उघडून त्याने पोरीकडे न बघता बायकोकडे बघितलं.

ती ओटा पुसत होती. फडकं थांबवलं नाही. फक्त हो म्हणावं तशी मान किंचित खाली केली.

"ताजं आहे," तो म्हणाला, आणि पोरीचा पेला भरला.