घोट्यावरचा व्रण

काडीवर नारूचे पावणेतीन वेढे होते. काल संध्याकाळी दोन होते. विनोदिनीने बनुबाईंच्या घोट्यावर गार पाणी सोडलं, काडी हलकेच फिरवली आणि कातडीतून निघालेला तो पांढरा, दोऱ्यासारखा जंत ताठ होताच थांबली. जोर केला तर नारू तुटतो, आणि तुटला तर पाय सडतो.

“लय हळू करतीयास गं,” बनुबाई म्हणाल्या. “वढ की जरा. लगीन लावलंय व्हय त्याच्याशी?”

भोवतीच्या मुली हसल्या. सांगलीच्या सेवामंडळाचं जतकडच्या या गावातलं हे दुसरं शिबिर. मुली बायकांना दुहेरी फडक्यातून पाणी गाळायला शिकवत होत्या. मुलगे विहिरीच्या पायऱ्यांपुढे भिंत बांधत होते. वर रहाट बसला की कुणाचा पाय पाण्यात पडणार नव्हता. मागच्या उन्हाळ्यात मंडळाने याच विहिरीतला गाळ काढला, तेव्हा गावात नारू नव्हता. आता चौदा घरांत होता.

गाळ काढताना विनोदिनी दुपारभर पाण्यात उभी होती. घोट्यावर फोड होता. चपलेने आला असेल असं तिला वाटलं होतं. गार पाण्यात त्याची आग थांबली, बरं वाटलं. सांगलीला परतल्यावर चौथ्या दिवशी फोडातून पांढरं टोक बाहेर आलं. शास्त्र शिकलेल्या मुलीला ते ओळखायला वेळ लागला नाही; त्या दुपारी नारूची पिल्लं आपल्या पायातून विहिरीत उतरली, हेही तिला कळलं. पाणी गाळून प्या, एवढं एक पोस्टकार्ड पुरलं असतं. तिने ते लिहिलं नाही. पाण्यातून पोटात गेलेला नारू बाहेर यायला वर्ष लागतं हे तिला ठाऊक होतं. ती महिने मोजत राहिली. व्रण कधीच भरला होता, तरी अंथरुणाला पाठ टेकली की तिथे काहीतरी वळवळायचं. वर्ष भरलं आणि इथल्या जोतीरामचं पत्र आलं : ताई, गावात नारू निघालाय, या.

वरच्या वाटेने सिद्धू धनगर खांद्यावर घागर घेऊन चालला होता. दोन मैलांवरच्या झऱ्याचं पाणी. त्याच्या पायावर नारूची जुनी खूण होती. विहिरीत नारू त्यानेच सोडला असं ठरवायला गावाला तेवढं पुरलं. विहीर त्याच्या घराला बंद झाली होती.

“मामा, घागर गळती हाय का तूच पितोस वाटंत?” भिंतीवरून कुणीतरी विचारलं.

“दुसरी खेप हाय बाबा,” सिद्धू न थांबता म्हणाला. “म्हातारीला आंघूळ घालायचीय.”

विनोदिनीने जोतीरामकडे पाहिलं. “रहाट झाला की त्यांना पाणी भरू देणार ना?”

“पंच न्हाई म्हनत्यात.” जोतीरामने हातातला दगड बसवला. “तुमी त्यात पडू नका, ताई. गाव बिथरलं तर भिंत अर्धीच ऱ्हाईल.”

अजून तीन थर बाकी होते. आठ दिवस ती स्वतःलाही हेच सांगत आली होती : आधी भिंत.

बनुबाई सिद्धूच्या पाठीकडे बघत होत्या. “ज्यानं नारूचा पाय पान्यात घातला,” त्या सावकाश म्हणाल्या, “त्याचा पाय झडंल बघ.”

विनोदिनीच्या घोट्यात कळ गेली. तिने काडी जागेवर धरली, वर पट्टी गुंडाळली, गाठ नीट बसली का ते दोनदा पाहिलं. मग लुगड्याचा काठ चार बोटं वर घेतला.

“मावशी, तो पाय सिद्धूमामांचा नव्हता, माझा होता. आज चावडीवर मी हे सगळ्यांना सांगणार आहे.”