कापसाच्या तीस ओळी

विहाराच्या पत्र्याच्या कपाटात त्रेसष्ट पुस्तकं होती. त्यांतली एकोणीस प्राचीन संस्कृतींवरची, लहान मुलांसाठी, मोठ्या चित्रांची: सात सिंधू खोऱ्यातल्या नगरांवर, पाच इजिप्तवर, चार मेसोपोटेमियावर, तीन चीनवर. अकरांची मुखपृष्ठं फाटलेली, दोन पुस्तकांची मधली पानं गायब, आणि एका राजाला कुणीतरी पेनाने मिशा काढलेल्या. सुमेधाने हे सगळं वहीत नोंदवलं, कारण ही एकोणीस पुस्तकं तालुक्याच्या हायस्कूलला जायच्या बेतात होती.

बेत तातेराव गुरुजींचा. वडीगोद्रीजवळच्या या वस्तीत विहार समितीचे ते अध्यक्ष, आणि कपाटाची किल्ली कायम त्यांच्या कमरेला. बी.एस्सी. होऊन गावी आलेली सुमेधा रोज संध्याकाळी विहारात पाच ते आठ वर्षांच्या अठरा मुलांना ही पुस्तकं वाचून दाखवायची.

“नुसती फाडून राह्यलेत,” गुरुजी म्हणाले. “एवढ्याल्या पोरांना काय कळतंय त्यातलं?”

“कळतंय, काका.”

“तू सायन्सवाली ना? मंग मोजून दाखव.”

तिथल्या तिथे मोजणी झाली. तीन चित्रं: विटांचं जुनं नगर, झाडाखाली बसलेले बुद्ध, आणि गुरुजींचा चौथीतला शाळेचा फोटो. सगळ्यांत जुनं आधी ठेवायचं. अठरांपैकी चार मुलांनी बरोबर लावली. तीन चित्रं सहा तऱ्हांनी मांडता येतात. डोळे मिटून मांडली तरी अठरांत सरासरी तीन मुलं बरोबर यायचीच, हे सुमेधाला कळत होतं. सात वर्षांच्या अर्पिताने तर गुरुजींचा फोटो सगळ्यांत आधी ठेवला.

“गुर्जीच जुने हायेत,” ती ठासून म्हणाली.

“हसा,” गुरुजी बाकीच्यांना म्हणाले. मग सुमेधाकडे वळले. “येत्या रविवारी परत. बारा पोरं बरोबर आली तर पुस्तकं इथंच. न्हाई तर सोमवारी टेम्पो.”

“रविवारी तुम्ही एकट्यानंच घ्या,” सुमेधा म्हणाली. “मी बाहेर बसते.”

दोन संध्याकाळी तिने भिंतीवर खडूने लांब रेघ ओढून पंचेचाळीस खुणा केल्या. एक खूण म्हणजे शंभर वर्षं. मुलांनी खुणा मोजल्या, शाबासकी मागितली, आणि आर्यनने विचारलं, “ताई, एवढ्याशा जागंत शंभर वर्षं बसली कशी?” तिने भिंत पुसली.

घरी तिची आई बेबीनंदा भाकरी थापत होती. सगळं ऐकून म्हणाली, “ही पोरं मायसंगं सरकी लावाया येतेत. अर्पिताला इचार, आपल्या एका ओळीत झाडं किती.”

“किती?”

“दीडशे. शिकल्यापासून पहिल्यांदा शेताचं इचारलंस बाई.”

“आणि ओळी?”

“चौतीस.”

सुमेधाने मनात गुणाकार केला. साडेचार हजार वर्षांना तीस ओळी पुरत होत्या.

शनिवारी दुपारी अठराही मुलं शेतात उतरली. एक झाड म्हणजे एक वर्ष, मागे मागे जायचं. सातव्या झाडाला अर्पिता थांबली. “इथं मी झाले.” पासष्टाव्या झाडाला गुरुजींच्या फोटोसाठी लाल चिंधी बांधली. एकोणसत्तरावं झाड छप्पन सालच्या धम्मदीक्षेचं. चौऱ्याहत्तराव्याला आर्यन ओरडला, “गुर्जी, इथं तुम्ही जन्मले!”

बांधावर छत्री धरून उभ्या गुरुजींना ते फारसं रुचलं नाही. “पहिल्याच ओळीत?”

“अर्धीच ओळ झाली, काका,” सुमेधा म्हणाली.

पुढे झाडं मोजणं सोडून त्यांनी ओळी मोजल्या. चपला चिखलात रुतल्या. नवव्या ओळीत एक मुलगी रडली, तिला बेबीनंदाने कडेवर घेतलं. सतराव्या ओळीत बुद्धांसाठी पिवळी चिंधी बांधली. “अजून किती?” असं कुणी विचारलं की सुमेधा एवढंच म्हणे, “नगर अजून आलं नाही.” कुणालाही तिने अर्ध्यातून परत फिरू दिलं नाही.

तिसाव्या ओळीच्या टोकाला तिने पुस्तक उघडून विटांचं नगर दाखवलं. अर्पिताने टाचा उंचावून मागे पाहिलं. कापूस तिच्या डोक्याच्या वर होता.

“गुर्जींचं फडकं दिसतच न्हाई.”

“नाहीच दिसणार.”

“मंग या नगरातल्या लोकांना गुर्जी ठाऊक नसतील.”

“आणि बुद्ध?” सुमेधाने विचारलं.

अर्पिताने पिवळी चिंधीही शोधली. बराच वेळ शोधली. “तेबी न्हाई. ते मंग झाले.”

रविवारी विहाराचं दार बंद करून गुरुजींनी एकेका मुलाला आत बोलावलं. दर वेळी चित्रं पिसली. सुमेधा बाहेर पायरीवर बसून होती. आर्यन तापाने घरी होता. शेवटचं मूल बाहेर आल्यावर गुरुजींनी वही तिच्या हातात दिली.

हजर सतरा. बरोबर तेरा. चूक चार, चौघांनीही बुद्ध आणि नगर यांची अदलाबदल केली. फोटो सतराही मुलांनी शेवटी ठेवला.