तीन मेणबत्त्यांचा प्रश्न

प्रशिक्षणाच्या पाच दिवसांपैकी चार दिवस मी नुसती मान डोलावली. पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर नमुना पाठ घ्यायचा होता आणि त्यात नापास झाले तर नव्या वर्षापासून माझे विज्ञानाचे तास जाणार होते. मुख्याध्यापकांनी गोड आवाजात सांगूनच ठेवलं होतं, "बाई, हस्तकलेलाही अनुभवी माणूस लागतोच." अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, आणि आता म्हणे कागदाची फुलं कापा.

मला धास्ती होती ती पडद्याची. लॅपटॉप, रिमोट, सरकती चित्रं. आठवडाभर मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून नवऱ्यासमोर तालीम केली. तो दरवेळी हात वर करून विचारायचा, "बाई, पाणी प्यायला जाऊ?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याला खरंच बाहेर काढलं.

प्रत्यक्षात पडदा शहाण्यासारखा वागला. मग मी माझा हुकमी प्रयोग काढला. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. ज्योत विझली, पाणी ग्लासात चढलं. "ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली," मी म्हणाले. हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते.

मागच्या बाकावरचे मिशीवाले मास्तर उठले. चार दिवस पेंगत होते, नेमके आज जागे झाले.

"बाई, एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या तर?"

"ऑक्सिजन तेवढाच. पाणीही तेवढंच चढेल."

"लावून बघू या?"

नाही म्हणायची सोय नव्हती. तीन लावल्या. पाणी जवळजवळ दुप्पट चढलं.

खोलीतले चाळीस शिक्षक माना उंचावून ग्लासाकडे बघू लागले. अशा वेळी काय करायचं ते आम्हा शिक्षकांना पाठ असतं. घड्याळ बघायचं, "छान प्रश्न आहे, पुढच्या तासाला घेऊ" म्हणायचं, आणि पुढच्या तासाला दुसराच धडा काढायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा. पण पाणी समोर दिसत होतं, आणि मला माझाच राग आला.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "आणि बहुतेक अठ्ठावीस वर्षं मी हे चुकीचं शिकवलंय."

माझ्या मुलीच्या वयाच्या प्रशिक्षक बाई गुणांच्या तक्त्यावर काहीतरी लिहीत होत्या. झालं, म्हटलं, कात्री आणि डिंक घ्या हातात. मग वाटलं, बुडायचंच आहे तर निदान उत्तर कळून बुडू. मी पुन्हा मेणबत्त्या पेटवून ग्लास पालथा घातला. या वेळी ज्योतीकडे नाही, ग्लासाच्या कडेकडे पाहिलं. सुरुवातीलाच तिथून बुडबुडे निघत होते. इतकी वर्षं निघतच असणार. मीच कधी बघितले नव्हते.

"हवा तापून बाहेर पडतेय," मिशीवाले माझ्याशेजारी वाकून म्हणाले.

"आणि ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, म्हणून पाणी चढतं," मी म्हणाले. "तीन मेणबत्त्या, जास्त उष्णता, जास्त हवा बाहेर."

प्रशिक्षक बाई उठल्या. आम्हा सगळ्यांना दिलेली पुस्तिका त्यांनी उघडली. चौदाव्या पानावर माझंच वाक्य ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि पुस्तिका त्यांनी स्वतः लिहिली होती. त्यांचे कान लाल झाले.

"सगळ्यांनी पान चौदा काढा आणि खोडा," त्या म्हणाल्या. "मलाही माहीत नव्हतं."

मला इतकं हलकं वाटलं की आधी खुर्ची शोधून बसले. संध्याकाळी शेरा मिळाला: "प्रयोग फसला. पाठ उत्तम. विज्ञान यांच्याकडेच राहावे." मी तो तीनदा वाचला आणि जिन्यात उभी राहून चक्क रडले. जिवात जीव आला होता.

सोमवारी दहावीच्या वर्गात म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली." वर्ग खडबडून जागा झाला. बरोबर शिकवताना इतका कधी झाला नव्हता. मी सगळा प्रयोग पुन्हा करून दाखवला. शेवटी पहिल्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. दोन वर्षांत तिने मला एकही शंका विचारली नव्हती.

"बाई, आणखी काय काय चुकीचं शिकवलंय तुम्ही?"

"माहीत नाही गं," मी म्हणाले. "वही काढ. पहिल्या पानापासून बघू."